कोट्यातून लागलेला माणूस काम कमी करतो का? सरकारी भरती, आरक्षण आणि कामगिरी : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे पान दोन प्रकारच्या नाशिककरांसाठी आहे. एक, कॉलेज रोड आणि गंगापूर रोडच्या अभ्यासिकांत बसून जाहिरातीची वाट बघणारे. दुसरे, कलेक्टर कचेरीत, झेडपीत किंवा महापालिकेच्या राजीव गांधी भवनात हातात फाईल घेऊन उभे असलेले. पहिल्यांना कटऑफचा राग असतो, दुसऱ्यांना टेबलवरच्या माणसाचा. दोघांचाही राग बऱ्याचदा एकाच वाक्यावर येऊन थांबतो: "आरक्षणामुळे सरकारी काम बिघडलं." हे वाक्य कितपत टिकतं, ते इथे तपासलं आहे.

एका दमात उत्तर द्यायचं तर?

भारतात या प्रश्नावर आकडे हातात घेऊन जे महत्त्वाचे अभ्यास झाले, त्यांत राखीव जागांवरच्या कर्मचाऱ्यांमुळे काम घसरल्याचं दिसलेलं नाही. माणूस कोणत्या जागेवरून आत आला यापेक्षा आत आल्यावर त्याला कुठे टाकलं, किती दिवस ठेवलं, शेजारचं टेबल भरलेलं आहे की रिकामं आणि वरून कोणी विचारणारं आहे का, याने कामात जास्त फरक पडतो. आरक्षण असावं की नसावं, किती असावं, हा वेगळा वाद आहे. तो न्यायाचा आणि राजकारणाचा आहे, या पानावर तो सुटणार नाही.

महाराष्ट्रात सध्या टक्केवारी किती आहे?

२००१ चा आरक्षण कायदा २९ जानेवारी २००४ पासून लागू झाला. त्यानुसार अनुसूचित जाती १३, अनुसूचित जमाती ७, विमुक्त जाती ३, भटक्या जमाती ब, क आणि ड अनुक्रमे २.५, ३.५ आणि २, विशेष मागास प्रवर्ग २ आणि ओबीसी १९, असे ५२ टक्के होतात. त्यावर ईडब्ल्यूएसचे (आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटक) १० आणि २०२४ च्या कायद्याने आलेले एसईबीसीचे (सामाजिक आणि शैक्षणिकदृष्ट्या मागास, म्हणजे मराठा समाज) १०. एकूण ७२. एसईबीसीच्या कायद्याला न्यायालयात आव्हान दिलेलं आहे.

महिला, खेळाडू, माजी सैनिक, दिव्यांग, अनाथ ही समांतर आरक्षणं. ती या ७२ मध्ये मिळवायची नसतात, प्रत्येक प्रवर्गाच्या आतून आडवी जातात. जाहिरात वाचताना निम्म्या मुलांचा गोंधळ इथेच होतो.

नाशिकची टक्केवारी वेगळी का दिसते?

जिल्हास्तरावरच्या गट क आणि गट ड च्या पदांना आदिवासीबहुल जिल्ह्यांसाठी वेगळी बिंदुनामावली (कोणती जागा कोणत्या प्रवर्गाची हे ठरवणारा तक्ता, म्हणजेच रोस्टर) आहे आणि नाशिक त्यात येतो. इथे अनुसूचित जमातीचा वाटा राज्याच्या ७ टक्क्यांपेक्षा बराच जास्त असतो, त्या बदल्यात काही प्रवर्गांचा कमी होतो. २०११ च्या जनगणनेत जिल्ह्यात आदिवासींचं प्रमाण २५ टक्क्यांच्या थोडं वर होतं, तर सुरगाणा आणि पेठ तालुक्यांत ९५ टक्क्यांच्याही वर. त्यामुळे तलाठी किंवा झेडपीच्या भरतीत शेजारच्या अहिल्यानगरचे आकडे बघून नाशिकचा अंदाज बांधू नका. रोस्टरबद्दल शंका असेल तर नाशिक रोडला विभागीय आयुक्त कार्यालयात मागासवर्ग कक्ष आहे, बिंदुनामावली तिथे तपासली जाते.

कटऑफमध्ये एवढा फरक असतो. मग कमी गुणांचा माणूस कमी कामाचा नाही का?

हा खरा प्रश्न आहे आणि तो विचारणाऱ्याला जातीयवादी ठरवून गप्प करण्यात अर्थ नाही. पण गुण नेमकं काय मोजतात ते आधी बघू.

२०२३ ची तलाठी भरती घ्या. ४,६४४ पदं, अर्ज दहा लाखांहून जास्त. मराठी, इंग्रजी, सामान्य ज्ञान, अंकगणित-बुद्धिमत्ता, सगळे मिळून १०० प्रश्न आणि २०० गुण. परीक्षा अनेक सत्रांत झाल्यामुळे गुणांचं सामान्यीकरण केलं (सोप्या-अवघड सत्रांतले गुण एका पातळीवर आणले) आणि निकालात कोणाला २०० पैकी २१४ पडले. त्यावर राज्यभर हसू आणि संताप दोन्ही झालं. सामान्यीकरणाचं गणित समजून घेतलं की २१४ चा अर्थ लागतो, पण एक गोष्ट त्यातून लख्ख दिसते: १८८ आणि १८२ यांतला फरक म्हणजे दोन माणसांच्या कुवतीतला फरक, असं समजणं धाडसाचं आहे. दहा लाखांतून साडेचार हजार निवडायचे तर कुठेतरी रेघ ओढावीच लागते. रेघ ओढणं ही परीक्षेची गरज आहे. रेघेच्या दोन्ही बाजूंना उभी असलेली मुलं अभ्यासात जवळजवळ सारखीच असतात.

आता त्या तलाठ्याचं काम बघा (२०२४ पासून पदाचं नाव ग्राम महसूल अधिकारी झालं, गावात अजून तलाठी आप्पाच). फेरफार नोंदी, वारस नोंदी, पीक पाहणीची पडताळणी, निफाडला गारपीट झाली की द्राक्षबागेचे पंचनामे. समानार्थी शब्द ओळखण्यात दोन गुण जास्त मिळवणारा उमेदवार पंचनाम्याला बांधावर जाईल की गावच्या पारावर बसूनच भरेल, हे कुठल्याही बहुपर्यायी पेपरातून कळत नाही. नेमणूक झाल्यावर दुय्यम सेवा परीक्षा असते, पुढे महसूल अर्हता परीक्षा असते. कामाचा कायदा माणूस तिथे शिकतो, भरतीच्या पेपरात नाही.

गुणांना काहीच किंमत नाही असा याचा अर्थ काढू नका. किमान पातळी हवीच, आणि ती असतेही. राखीव जागेवरच्या डॉक्टरकडे तीच एमबीबीएस असते, अभियंत्याकडे तीच पदवी असते. सवलत वयात, शुल्कात, कटऑफमध्ये मिळते, पदाला लागणाऱ्या पदवीत सहसा नाही. जिथे गुणांतली दरी खरोखर मोठी असते तिथे सुरुवातीच्या प्रशिक्षणावर जास्त वेळ द्यावा लागतो. आपल्याकडे प्रशिक्षण म्हणजे दोन आठवड्यांचं व्याख्यान आणि जेवण असं होऊन बसलं असेल, तर त्याचा फटका सगळ्याच प्रवर्गांना बसतो.

आणि एक बाब सारखी विसरली जाते. राखीव प्रवर्गातला जो उमेदवार कोणतीही सवलत न घेता खुल्या कटऑफच्या वर जातो, तो खुल्या जागेवर निवडला जातो. म्हणजे "कोट्यातले" म्हणून ज्यांच्याकडे बोट दाखवलं जातं त्यांतले कित्येक कोट्यातून आलेलेच नसतात. आडनावावरून अंदाज केलेला असतो, इतकंच. शिवाय अनेक निकालांत ओबीसी आणि ओपन यांच्या कटऑफमधलं अंतर आता फार थोडं उरलं आहे. स्वतः निकालाच्या पीडीएफ उघडून बघा.

पण कामगिरी मोजायची कशी? सरकारी काम म्हणजे कारखाना थोडाच आहे?

इथेच बहुतेक वाद कोलमडतात. दोन्ही बाजूंचे लोक आपल्याला भेटलेल्या एका माणसावरून निष्कर्ष काढतात. गोपनीय अहवालावर (कर्मचाऱ्याच्या कामाचा वार्षिक शेरा) विसंबावं, तर तो वरिष्ठ लिहितो आणि त्याचे पूर्वग्रह त्यात उतरतात. म्हणून संशोधकांनी अशी खाती निवडली जिथे कामाचा आकडा बाहेर दिसतो: रेल्वेने किती टन माल आणि किती प्रवासी किती किलोमीटर नेले, रोजगार हमीवर किती दिवस काम मिळालं, शहरात गुन्हे किती घडले.

रेल्वेवर असा अभ्यास झालाय म्हणतात. त्यात काय निघालं?

अश्विनी देशपांडे आणि थॉमस वाइसकॉफ या अर्थशास्त्रज्ञांचा तो अभ्यास, २०१४ चा. त्यांनी रेल्वेच्या आठ झोनची १९८० ते २००२ ची आकडेवारी घेतली. प्रत्येक झोनमध्ये अनुसूचित जाती-जमातींच्या कर्मचाऱ्यांचं प्रमाण किती, आणि मनुष्यबळ, इंधन, डबे-इंजिनं असं जे हाताशी आहे त्यातून झोनने किती वाहतूक काढली, हे ताडून पाहिलं. प्रमाण वाढल्याने उत्पादकता घटली असं कुठेच दिसलं नाही. उलट अ आणि ब गटांत, म्हणजे अधिकारी पातळीवर, हे प्रमाण जास्त असताना काही मोजमापांत उत्पादकता थोडी वाढलेलीच दिसली.

नाशिकला रेल्वे परकी नाही. नाशिक रोड, देवळाली, इगतपुरी, मनमाड या गावांची निम्मी घरं रेल्वेवर वाढली आहेत. कसारा घाटात गाडीला मागून जोडलेलं बँकर इंजिन चालवणारा लोको पायलट कोणत्या प्रवर्गातून लागला, हे डब्यातल्या कोणाला माहीत नसतं आणि विचारावंसंही वाटत नाही. तिथे काम नियमावलीने बांधलेलं आहे, चूक झाली तर लगेच दिसते. रेल्वेचा निष्कर्ष जसाच्या तसा महसूल खात्याला लावायला मी मात्र कचरेन. जिथे कामाची चौकट सैल आहे तिथलं चित्र वेगळं असू शकतं, आणि ते आरक्षित-अनारक्षित दोघांच्याही बाबतीत.

अधिकाऱ्यांचं काय? कलेक्टर, सीईओ वगैरे?

रिखिल भावनानी आणि अलेक्झांडर ली यांचा आयएएस अधिकाऱ्यांवरचा अभ्यास २०२१ मध्ये छापून आला. त्यांनी मनरेगाची अंमलबजावणी निवडली. (ही योजना मूळची आपली. महाराष्ट्राचा रोजगार हमी कायदा १९७७ चा, देशाने तो २००५ मध्ये उचलला.) राखीव जागांवरून आलेले अधिकारी ज्या जिल्ह्यांत होते तिथे आणि इतर जिल्ह्यांत मिळालेल्या रोजगारात त्यांना फरक आढळला नाही. निवड परीक्षेत हे अधिकारी यादीत खाली होते, तरी प्रत्यक्ष कामात ते अंतर दिसलं नाही.

याच्या उलट सांगणारा एकही अभ्यास नाही का?

आहे. अमेरिकेत १९७० च्या दशकात न्यायालयांनी काही शहरांच्या पोलीस दलांना कृष्णवर्णीयांची भरती ठरावीक प्रमाणात करायला लावली. त्यावर जॉन लॉट यांनी २००० साली लिहिलं की अशा शहरांत गुन्हे वाढले. भरतीचे निकष सगळ्यांसाठीच सैल केले गेले, त्यामुळे निवडीचा दर्जा घसरला, असा त्यांचा युक्तिवाद होता. पुढे २००७ मध्ये जस्टिन मॅकक्रेरी यांनी न्यायालयीन आदेशांच्या तारखा धरून हाच प्रश्न तपासला. दलांमधला कृष्णवर्णीयांचा वाटा वाढला, पण गुन्ह्यांवर परिणाम झाल्याचा पुरावा त्यांना फारसा मिळाला नाही.

मला मॅकक्रेरींची पद्धत जास्त भक्कम वाटते. पण लॉट यांच्या युक्तिवादात एक धोक्याची सूचना आहे, ती घ्यायला हवी: प्रमाण गाठायच्या घाईत परीक्षाच सगळ्यांसाठी ढिली केली तर नुकसान होऊ शकतं. महाराष्ट्रात परीक्षा ढिली होण्याचं कारण मात्र आरक्षण नसतं. तलाठी परीक्षेच्या वेळी २०२३ मध्ये आपल्याच म्हसरूळमध्ये केंद्राबाहेर इलेक्ट्रॉनिक साहित्य घेऊन कॉपी पुरवणारा पकडला गेला. पेपर फोडून लागलेला माणूस कोणत्याही प्रवर्गातला असो, त्याच्या कामगिरीचा अभ्यास करायला कोणी बसलेलं नाही. बसायला हवं.

पेसा भरतीत तर शंभर टक्के जागा स्थानिक आदिवासींना. त्याने कामात सुधारणा होते का?

नाशिक जिल्ह्यात हा प्रश्न पुस्तकी नाही. सुरगाणा, पेठ, कळवण, त्र्यंबकेश्वर हे तालुके आणि दिंडोरी, इगतपुरी, बागलाण यांचे काही भाग अनुसूचित क्षेत्रात, म्हणजे पेसा कायदा (आदिवासी भागातल्या ग्रामसभांना अधिकार देणारा) लागू असलेल्या भागात येतात. राज्यपालांनी २०१४ आणि पुढे २०१९ च्या अधिसूचनांनी तलाठी, ग्रामसेवक, शिक्षक, आरोग्यसेविका, अंगणवाडी पर्यवेक्षिका अशी गावपातळीवरची पदं स्थानिक अनुसूचित जमातीच्या उमेदवारांसाठी राखली. एकूण १७ संवर्ग.

यामागचं कारण नोकऱ्या वाटण्यापुरतं नाही. बाऱ्हे किंवा बोरगावच्या पुढच्या पाड्यावर बाळंतिणीशी कोकणा बोलीत बोलू शकणारी आरोग्यसेविका आणि "ही बाई काय म्हणतेय" म्हणून दुभाषा शोधणारी आरोग्यसेविका यांच्या कामात फरक पडणारच. दुसरं कारण आणखी रोखठोक आहे. बाहेरून आलेला कर्मचारी सुरगाण्याला शिक्षेची बदली मानतो, नाशिक शहरात खोली घेऊन ये-जा करतो आणि पहिल्या संधीला बदलीचा अर्ज टाकतो. स्थानिक माणूस संध्याकाळी घरीच जातो, आणि त्याचं घर तिथेच असतं.

पण इथेही बाजू एकच नाही. भावनानी आणि ली यांचाच २०१८ चा दुसरा एक अभ्यास सांगतो, की आपल्याच राज्यात नेमलेले आयएएस अधिकारी सार्वजनिक सोयी जास्त चांगल्या देतात, मात्र जिथे साक्षरता आणि वर्तमानपत्रांचा खप चांगला, म्हणजे लोक जाब विचारू शकतात, तिथेच. त्याच वर्षीच्या गुओ शू, मारियान बर्ट्रांड आणि रॉबिन बर्जेस यांच्या अभ्यासात गृहराज्यात नेमलेल्या अधिकाऱ्यांची प्रतिमा भ्रष्टाचार आणि राजकीय दबाव या दोन्ही बाबतींत उलट वाईट निघाली. हे दोन्ही आयएएसबद्दल आहेत, पाड्यावरच्या ग्रामसेवकाबद्दल नाहीत. तरी सूत्र लागू पडतं: ओळख कामाला येते आणि ओळख कामात येतेही. भावकीतला ग्रामसेवक घरकुलाची यादी करायला बसला की ग्रामसभेचं लक्ष हवं. पेसा कायद्याने ग्रामसभेला अधिकार दिले आहेत ते याचसाठी. पद स्थानिकाला दिलं आणि ग्रामसभा कागदावरच ठेवली, तर योजनेचा एक पायच उभा राहिला.

मग पेसाच्या जागा रिकाम्या का राहिल्या?

सुप्रीम कोर्टाने २२ एप्रिल २०२० रोजी आंध्र प्रदेशातलं अनुसूचित क्षेत्रातल्या शिक्षकांचं शंभर टक्के आरक्षण रद्द केलं. त्याच मुद्द्यावर महाराष्ट्राच्या अधिसूचनेलाही आव्हान दिलं गेलं आणि २०२३ च्या भरतीत इतर क्षेत्रातल्या नेमणुका झाल्या, पेसातल्या अडकल्या. परीक्षा देऊन बसलेल्या मुलांनी २०२४ च्या ऑगस्टमध्ये आदिवासी विकास भवनासमोर आंदोलन केलं. त्याच वर्षी ४ ऑक्टोबरला दिंडोरीचे आमदार आणि तेव्हाचे विधानसभा उपाध्यक्ष नरहरी झिरवाळ यांनी मंत्रालयात संरक्षक जाळीवर उडी घेतली, त्यामागच्या मागण्यांत ही भरतीही होती. पुढे मानधनावर नेमणुका देऊन तात्पुरता मार्ग काढला गेला.

या काळात सुरगाण्यातल्या शाळेत शिक्षक कोणत्या प्रवर्गाचा असावा यावर दोन्हीकडून हिरिरीने युक्तिवाद झाले. वर्गात शिक्षकच नव्हता.

राज्यघटनेत कार्यक्षमतेचा उल्लेख आहे ना?

आहे, अनुच्छेद ३३५ मध्ये. अनुसूचित जाती-जमातींचे दावे "प्रशासनाची कार्यक्षमता राखण्याशी सुसंगत" रीतीने विचारात घ्यावेत, असा त्याचा आशय. २००० साली ८२ व्या घटनादुरुस्तीने त्याला परंतुक जोडलं गेलं: बढतीत पात्रता गुणांची सवलत द्यायला हा अनुच्छेद आड येणार नाही.

इंद्रा साहनी खटल्यात १९९२ मध्ये ५० टक्क्यांची मर्यादा आणि क्रीमी लेयर (मागासवर्गातल्या सुस्थितीतल्यांना वगळणं) आले. २००६ च्या नागराज निकालाने बढतीतल्या आरक्षणाआधी राज्याने कार्यक्षमतेचाही विचार करावा असं सांगितलं. २०१९ मध्ये पवित्रा खटल्याच्या दुसऱ्या निकालात न्या. चंद्रचूड यांनी हा शब्द वेगळ्या अंगाने उलगडला: ज्या समाजाचं प्रशासन चालवायचं त्याची विविधता प्रशासनात नसेल, तर त्याला कार्यक्षम म्हणायचं कसं? मला हे पटतं, पण एक अडचण दिसते. न्यायालयं इतकी वर्षं कार्यक्षमतेवर लिहीत आहेत आणि राज्य सरकारांनी ती मोजायची साधी पद्धतही बसवलेली नाही. मग प्रत्येक बाजू तो शब्द आपल्याला हवा तसा वापरते.

बढतीतलं आरक्षण वेगळं का धरतात?

कारण तिथे परीक्षा आणि नवखेपणा हे मुद्दे उरत नाहीत, सेवेची वर्षं सगळ्यांच्या डोळ्यांसमोर असतात. ज्येष्ठतेत खाली असलेला सहकारी साहेब होऊन बसला की दुखतं, आणि ते दुखणं खोटं नसतं. महाराष्ट्रात बढतीतलं आरक्षण मुंबई उच्च न्यायालयाने ऑगस्ट २०१७ मध्ये रद्द ठरवलं, प्रकरण सुप्रीम कोर्टात गेलं. ७ मे २०२१ च्या शासन निर्णयाने मागासवर्गीयांसाठीची ३३ टक्के पदं राखून न ठेवता सगळ्या बढत्या सेवाज्येष्ठतेने द्यायचं ठरवलं. राखीव बढतीमुळे कार्यालय बिघडलं की बढत्याच वर्षानुवर्षं अडकल्याने बिघडलं, याचा हिशोब केला तर मी दुसऱ्या बाजूला जास्त वजन देईन. प्रभारी साहेब, अतिरिक्त कार्यभार आणि "नियमित आले की बघू" यात फायली कुजतात.

बोगस जात दाखल्यांवर लागलेल्यांचं काय?

हा आरक्षणाचा परिणाम नाही, चोरी आहे. आणि तिचा पहिला फटका खऱ्या आदिवासी उमेदवाराला बसतो. सुप्रीम कोर्टाने जुलै २०१७ मध्ये जगदीश बहिरा प्रकरणात अशी नोकरी टिकणार नाही असं ठरवलं. राज्याने २१ डिसेंबर २०१९ च्या शासन निर्णयाने अशा कर्मचाऱ्यांना अधिसंख्य (मंजूर पदांच्या बाहेरच्या, तात्पुरत्या) पदांवर वर्ग केलं, मोकळ्या होणाऱ्या जागा पुन्हा भरायच्या होत्या. त्या किती भरल्या, हे माहितीच्या अधिकारात विचारण्यासारखं आहे.

महिलांच्या ३० टक्के समांतर आरक्षणामुळे काम बदललं का?

ग्रामपंचायतीतल्या महिला आरक्षणाचा दाखला इथे नेहमी दिला जातो. राघवेंद्र चट्टोपाध्याय आणि एस्थर डुफ्लो यांनी २००४ मध्ये दाखवलं की महिला प्रमुख असलेल्या पंचायतींनी पिण्याच्या पाण्यासारख्या, बायकांना निकडीच्या वाटणाऱ्या कामांवर जास्त भर दिला. पण ते निवडून आलेल्या प्रतिनिधींबद्दल आहे. नेमलेल्या कर्मचारी महिलेच्या हातात निर्णय कमी आणि फाईल जास्त असते. पोलीस ठाण्यात मात्र फरक उघड आहे: रात्री तक्रार द्यायला आलेल्या बाईला समोर महिला अंमलदार दिसणं हेच कामाचा भाग आहे.

मग कामगिरी नक्की कशाने बिघडते?

तीन गोष्टी, आणि तिन्ही कंटाळवाण्या आहेत म्हणून त्यांवर मोर्चे निघत नाहीत.

पहिली, रिकाम्या जागा. राज्यात मंजूर पदांपैकी दोन लाखांहून अधिक रिक्त आहेत. एका तलाठ्याकडे तीन सजे (तलाठ्याच्या कामाचे गावगट) असतील तर त्याच्या जातीचा दाखला तपासून काय मिळणार?

दुसरी, बदल्या. लक्ष्मी अय्यर आणि आनंदी मणी यांच्या २०१२ च्या अभ्यासात आयएएस अधिकारी एका पदावर सरासरी १६ महिने टिकत असल्याचं दिसलं. आपल्या राज्यात २००५ चा बदल्यांचा कायदा सर्वसाधारण तीन वर्षं म्हणतो. नाशिककरांना उदाहरणासाठी लांब जावं लागत नाही: तुकाराम मुंढे फेब्रुवारी २०१८ मध्ये महापालिका आयुक्त म्हणून आले आणि त्याच वर्षी नोव्हेंबरात गेले. त्यांची कार्यपद्धती कोणाला आवडो न आवडो, नऊ महिन्यांत कोणाचीच कामगिरी मोजता येत नाही.

तिसरी, देखरेख. मायकल क्रेमर, कार्तिक मुरलीधरन आणि सहकाऱ्यांनी देशभरच्या सरकारी प्राथमिक शाळांना अचानक भेटी दिल्या. २००५ मध्ये छापलेल्या त्या पाहणीत देशात २५ टक्के शिक्षक गैरहजर होते. महाराष्ट्रात हे प्रमाण १४.६ टक्के, सगळ्या राज्यांत कमी. झारखंडात ४२ टक्क्यांच्या आसपास. आरक्षण दोन्हीकडे आहे, गैरहजेरी मात्र जवळजवळ तिप्पट. अलीकडे तपासणी झालेल्या आणि पक्क्या रस्त्याजवळच्या शाळांत शिक्षक जास्त हजर होते.

कंत्राटी भरतीने हे सुटेल का?

बाह्य यंत्रणांमार्फतच्या कंत्राटी भरतीत सहसा आरक्षण नसतं, म्हणून काहींना तो उपाय वाटतो. बाह्य यंत्रणांकडून पदं भरण्याचा सप्टेंबर २०२३ चा शासन निर्णय राज्याला पुढच्याच महिन्यात मागे घ्यावा लागला. कामाच्या बाजूने बोलायचं तर आंध्रातल्या एका प्रयोगात कंत्राटी शिक्षक कायम शिक्षकांइतकंच शिकवताना दिसले, तेही बऱ्याच कमी पगारात. पण ज्याच्या हाती कंत्राटाचं नूतनीकरण आहे, कंत्राटी माणूस जनतेपेक्षा त्याला जास्त जपतो. महसूल किंवा बांधकाम परवान्यासारख्या टेबलांवर हे परवडणारं नाही.

कार्यालयात "हा कोट्यातला" असं बोललं जातं. त्याचा परिणाम होतो का?

ज्येष्ठता यादीत प्रवर्गाचा रकाना असतो, त्यामुळे लपून काही राहत नाही. रेमा हॅना आणि ली लिंडन यांनी २०१२ मध्ये एक प्रयोग मांडला: मुलांच्या उत्तरपत्रिकांवर जात मनाला येईल तशी लिहून शिक्षकांना तपासायला दिल्या. खालची मानली जाणारी जात लिहिलेल्या पेपरांना थोडे कमी गुण मिळाले. हा फरक लहान होता, पण दर वर्षीच्या गोपनीय अहवालात असाच लहान फरक साचत गेला तर वीस वर्षांत मोठा होतो. कोणाला कोणतं टेबल द्यायचं, इथेही तेच. निविदा, नगररचना, लेखा या टेबलांवर वर्षानुवर्षं ठरावीकच लोक आणि आवक-जावकवर ठरावीकच, असं कार्यालय नाशिकमध्ये शोधायला वेळ लागणार नाही. आवक-जावकवर बसवलेल्या माणसाची निर्णयक्षमता कमी आहे असा शेरा मारणं सोपं असतं.

मुलाखतीत हा प्रश्न आला तर काय बोलू?

आकडा द्या, मर्यादा सांगा, मग मत सांगा. रेल्वेचा आणि मनरेगाचा अभ्यास दोन वाक्यांत पुरे. स्वतःच्या प्रवर्गाची कैफियत मांडू नका, ती पॅनलसमोरच्या अर्जावर दिसत असते.

हे सगळं ठीक, पण माझी फाईल अडली आहे. माणूस कोट्यातला असो वा नसो, मी करू काय?

टेबलवरच्या माणसाच्या आडनावावर घालवायचा वेळ अर्जावर घालवा. तुमचं काम महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ खाली अधिसूचित सेवांत येतं का, ते कार्यालयाच्या फलकावर किंवा आपले सरकार पोर्टलवर बघा. तिथे मुदत, पदनिर्देशित अधिकारी (सेवा देण्याची जबाबदारी असलेला) आणि अपील अधिकारी लिहिलेले असतात. अर्जाची पोच तारखेसह घ्या. मुदत उलटली किंवा नकार आला की ३० दिवसांत पहिलं अपील, तिथे नाही झालं तर दुसरं, मग लोकसेवा हक्क आयोग. दोषी अधिकाऱ्याला ५०० ते ५,००० रुपये दंड होऊ शकतो. सेवा अधिसूचित नसेल तर २००५ च्या बदल्या आणि विलंब प्रतिबंध कायद्याचा आधार घ्या, एका टेबलवर फाईल सर्वसाधारणपणे सात कामकाजी दिवसांहून जास्त पडून राहायला नको. अर्जात कायद्याचं नाव, पोच क्रमांक आणि उलटलेले दिवस एवढंच लिहा. कर्मचाऱ्याचा प्रवर्ग लिहिलात तर अपील अधिकारी मुद्दा सोडून तुमचाच जबाब घेत बसेल.